लेकीचं बाळंतपण आणि अडीच महिन्यांचा हॉटेलमुक्काम

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत डॅलसजवळ प्लेनोला असते. जुलैअखेरीस तिची तारीख आहे. आम्ही दोघं जुलैच्या सुरुवातीला जाऊन अडीच महिने राहणार. त्यांचं घर एका बेडरूमचं आणि जावई हॉलमध्ये बसूनच ऑफिसचं काम करतात. त्यांनीच सुचवलं की तुम्ही जवळच्या एखाद्या 'एक्स्टेंडेड स्टे' हॉटेलात राहा. रेसिडेन्स इन, होमवूड स्वीट्स, स्टेब्रिज, कँडलवूड, होमटू, एक्स्टेंडेड स्टे अमेरिका आणि वूडस्प्रिंग अशी यादी पाठवली आहे. दरांत खूप फरक दिसतो, फोटो मात्र सगळे सारखेच. यांना मधुमेह आहे, गुडघाही दुखतो, आणि बाहेरचं खाणं आम्हाला झेपत नाही. कोणतं निवडावं? आणि खरं सांगू, लेकीच्या बाळंतपणाला जाऊन हॉटेलात राहायचं हे मनाला पटत नाहीये.
— एक वाचक, नाशिक

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ती गाठ सुटल्याशिवाय कुठलंही हॉटेल तुम्हाला चांगलं वाटणार नाही. लेकीकडे जागा नाही म्हणून आपल्याला बाहेर ठेवतायत, असं तुमच्या मनात आलंय. मला तसं वाटत नाही. तान्हं बाळ रात्री दर दोन-तीन तासांनी उठणार, मुलगी ओली बाळंतीण, जावयांचे कॉल हॉलमध्ये चालू, आणि त्याच हॉलमधल्या सोफ्यावर गुडघा धरून बसलेले तुमचे यजमान. आठवडाभर सगळे हसतमुखाने निभावून नेतात. तिसऱ्या आठवड्यात भांडी आपटायला लागतात. शिवाय तिकडच्या अपार्टमेंटच्या भाडेकरारात पाहुण्यांनी सलग किती दिवस राहावं याचं कलम बऱ्याचदा असतं, तेही जावयांना एकदा बघून घ्यायला सांगा. त्यांनी विचार करून सुचवलंय, मनाला लावून घेऊ नका.

दिवस तुमचा लेकीकडेच जाणार. अळिवाची खीर, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू हे सगळं तिच्या ओट्यावर होईल. हॉटेल हवंय ते रात्रीच्या झोपेला, सकाळच्या चहाला, यजमानांच्या ठरल्या वेळेच्या जेवणाला आणि दुपारी त्यांना पाठ टेकायला. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की सात नावांची यादी झपाट्याने खाली येते.

पहिली बघायची ती शेगडी. फोटोत सगळीकडे चकचकीत ओटा आणि कॉफीचं मशीन दिसतं, पण ओट्यात शेगडी बसवलेली आहे का, हे नीट बघा. रेसिडेन्स इन, होमवूड, स्टेब्रिज, कँडलवूड आणि एक्स्टेंडेड स्टे अमेरिका यांच्या खोल्यांत विजेची शेगडी असते, सहसा दोन बर्नरची. होमटूमध्ये मोठा फ्रिज, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह सगळं आहे, पण शेगडी बसवलेली नसते. रिसेप्शनवरून सुटी इंडक्शन मागून आणावी लागते. आठवड्यातून दोनदा अंडी उकडणाऱ्याला ते चालेल. एका बाजूला वरण आणि दुसऱ्या बाजूला भाजी लावणाऱ्याला चालणार नाही. त्यातही तुम्ही नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घेऊन गेलात तर इंडक्शन त्याला ओळखणारच नाही. तळाला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं तिथे लागतं. होमटू स्वच्छ आणि नवं असतं, माझा त्याच्यावर राग नाही, पण तुमच्या यादीतून ते काढून टाका.

विजेच्या शेगडीची सवय व्हायला दोन दिवस जातात. वेटोळं हळू तापतं आणि बंद केल्यावरही बराच वेळ धगधगत राहतं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की नुसतं बटण फिरवून भागत नाही, कुकर उचलून बाजूला ठेवावा लागतो. गोल बुडाची कढई बसत नाही, सपाट तळाची न्या. तवाही सपाटच हवा. पोळपाट-लाटणं न्यायला हरकत नाही, ते तिथल्या भांड्यांत मिळणार नाही. मिक्सर मात्र घरीच ठेवा: तिथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. तो तिथे चालणार नाही.

फोडणीचं वेगळं सांगते, कारण याचा त्रास मी जवळून बघितलाय. अशा बऱ्याच खोल्यांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही. जाळीतून गाळून ती परत खोलीतच सोडतो. एका हॉटेलात माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी लाल मिरचीची फोडणी केली आणि धुराचा अलार्म असा कोकलायला लागला की त्या घाबरून जिन्याने खाली उतरल्या. फोडणी मंद आचेवर, झाकण हातात घेऊन करा, खिडकी उघडत असेल तर आधी उघडा, मिरची शेवटी टाका. अलार्मवर कापड किंवा पिशवी बांधण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. भाकरीचा हट्टही लेकीकडेच पुरवा.

आता इमारत. हे कुणी सांगत नाही आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. रेसिडेन्स इन हे अशा हॉटेलांतलं सगळ्यात जुनं मोठं नाव. जॅक डीबोअर नावाच्या अपार्टमेंट बांधणाऱ्या माणसाने १९७५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात ते सुरू केलं, आणि १९८७ मध्ये मॅरियटने ते विकत घेतलं. बांधणारा अपार्टमेंटवाला, म्हणून सुरुवातीची रेसिडेन्स इन वसाहतीसारखी आहेत: दोन मजली सुट्या इमारती, बाहेरून जिने. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. नवी रेसिडेन्स इन नेहमीच्या हॉटेलसारखी उभी असतात आणि लिफ्ट असते. दर सारखा दिसला तरी घर वेगळं निघतं. म्हणून नाव रेसिडेन्स इन असलं तरी 'तळमजला किंवा लिफ्ट' हे आधी विचारायचंच.

याच डीबोअरने १९९५ मध्ये कँडलवूड काढलं, जे पुढे आयएचजी या हॉटेल कंपनीकडे गेलं, आणि नंतर व्हॅल्यू प्लेस काढलं, ज्याचं आजचं नाव वूडस्प्रिंग. एकाच माणसाने तीन वेगळ्या खिशांसाठी तीन हॉटेलं केली. रेसिडेन्स इनमध्ये नाश्ता आणि माणसांची ऊठबस. कँडलवूडमध्ये खोली आणि स्वयंपाकघर चांगलं, बाकीची सेवा कमी. वूडस्प्रिंगमध्ये डोक्यावर छप्पर, दोन बर्नर, फ्रिज आणि आठवड्याचं भाडं. वूडस्प्रिंगला भांडीकुंडी आपली आपण आणायची आणि रिसेप्शनवर चोवीस तास माणूस असेल असं धरून चालायचं नाही. तिथे राहणाऱ्यांबद्दल कुणी नाक मुरडलं तर मला वाईट वाटतं. बांधकामावरचे कामगार, फिरतीवरच्या नर्सेस आणि अपार्टमेंटचं डिपॉझिट भरता न आलेली कुटुंबंसुद्धा अशा खोल्यांत मुलाबाळांसह महिनोन्‌महिने काढतात. पण परक्या देशात, रात्री साखर उतरू शकेल असा माणूस सोबत असताना, खाली कुणीतरी जागं असणं मला तुमच्यासाठी महत्त्वाचं वाटतं. म्हणून वूडस्प्रिंग नको.

एक्स्टेंडेड स्टे अमेरिका हीसुद्धा १९९५ चीच, स्वस्तातली आणि जागोजागी असलेली. शेगडी आणि मोठा फ्रिज प्रत्येक खोलीत, पण भांडी बहुधा काउंटरवर मागावी लागतात, आणि सकाळी कॉफीबरोबर मफिन किंवा ग्रॅनोला बारसारखं काहीतरी उचलून न्यायचं असतं. या चेनमध्ये एका इमारतीचा दुसरीशी मेळ नाही. एखादी नुकतीच नवी केलेली, छान. एखादीच्या गालिच्याला जुना वास. जावयांनी स्वतः आत जाऊन बघितल्याशिवाय हे घेऊ नका.

उरली चार: रेसिडेन्स इन, होमवूड, स्टेब्रिज आणि कँडलवूड. पहिल्या तिघांत गरम नाश्ता खोलीच्या भाड्यातच येतो आणि दर वाढतो तो बराचसा त्यामुळे. त्या नाश्त्यात असतं काय? अंडी, सॉसेज, बटाटे, वॉफल आणि वर ओतायचा पाक, पाकीटबंद सिरीयल, ओट्स, दही, फळं. मधुमेही माणसाने त्यातलं घ्यायचं म्हटलं तर ओट्स, साखर नसलेलं दही आणि अंडं खात असतील तर अंडं. अडीच महिने रोज? तुम्ही तिसऱ्या दिवशी खोलीत उपमा करायला लागाल, हे मी लिहून देते. मग न खाल्लेल्या नाश्त्याचे पैसे कशाला भरायचे? कँडलवूड नाश्ता देत नाही, आणि तुमच्या बाबतीत तीच त्याची जमेची बाजू आहे.

कँडलवूडच्या बाजूने दुसरा मुद्दा कपड्यांचा. तिथे धुलाईची आणि वाळवायची यंत्रं पाहुण्यांना फुकट असतात, स्टेब्रिजमध्येही. बाकीच्या ठिकाणी दर खेपेला पैसे पडतात. बाळाची दुपटी, झबली आणि तुमच्या दोघांचे कपडे धरले तर अडीच महिन्यांत ही रक्कम दिसण्याइतकी होते, आणि लेकीच्या घरच्या मशीनवरचा ताणही कमी होतो. सफाईला मात्र कँडलवूडमध्ये माणूस आठवड्यातून एकदाच येतो. मधल्या काळात टॉवेल आपण खाली नेऊन बदलून आणायचे. नाशिकमध्ये तुम्ही रोज दुसऱ्याकडून अंथरूण घालून घेत नसणार, तेव्हा हे जड जाऊ नये.

कँडलवूडची एकच गोष्ट मला खटकते. तिथल्या बहुतेक खोल्या स्टुडिओ, म्हणजे पलंग, टेबल, ओटा सगळं एका खोलीत. तुम्ही रात्री उशिरा लेकीकडून परतणार, यजमान पहाटे उठून चहा ठेवणार. अडीच महिने मध्ये दार नसलेल्या खोलीत दोघांचीही झोपमोड होईल. त्यामुळे तिथे एका बेडरूमची खोली मागा, अशा खोल्या थोड्या असतात म्हणून लवकर मागा. नसेल तर माझं मत होमवूड किंवा स्टेब्रिजच्या एक-बेडरूमकडे झुकतं, मग नाश्त्याचे पैसे गेले तरी चालतील. दार महत्त्वाचं.

यापेक्षाही वरचढ ठरेल अशी एकच बाब आहे: अंतर. प्लेनोत ही हॉटेलं बहुतेक हायवेच्या आणि टोलवेच्या कडेने, ऑफिसांच्या मधोमध आहेत. नकाशात अर्धा मैल दिसतं आणि मध्ये सहा पदरी रस्ता निघतो, फूटपाथ अर्ध्यात संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर सर्रास जातो. दुपारी बारा वाजता हातात डबा घेऊन दहा मिनिटं चालणं हे तुमच्या वयात धोक्याचं आहे. लेकीच्या घरापासून गाडीने पाच मिनिटांत असलेलं साधं हॉटेल हे वीस मिनिटांवरच्या उत्तम हॉटेलपेक्षा कधीही बरं, कारण दर फेरीला कुणीतरी गाडी काढणार आहे, आणि तो कुणीतरी म्हणजे रात्रभर जागलेला जावई. आणखी एक विचारून बघा: बऱ्याच अपार्टमेंट संकुलांत रहिवाशांच्या पाहुण्यांसाठी एखादा सुसज्ज फ्लॅट भाड्याने मिळतो. सलग अडीच महिने क्वचितच देतील, पण बाळाच्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी मिळाला तरी सोनं.

जावईबापूंना आता एक काम द्या. चारांपैकी जी दोन घराजवळ असतील तिथे संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन यायचं. सकाळी गेलं तर सगळं शांत दिसतं. संध्याकाळी लोक कामावरून परततात, तेव्हा कॉरिडॉरचा वास, पार्किंगमधला उजेड आणि भिंतीपलीकडचा टीव्ही कळतो. खोली बघू द्या म्हणायचं. दोन्ही बर्नर लावून बघायचे. एसी भिंतीतल्या खोक्याचा असेल तर पाच मिनिटं चालू ठेवून आवाज ऐकायचा, कारण डॅलसच्या उन्हाळ्यात तो रात्रभर बंद होणार नाही. खोली हायवेच्या बाजूची नको. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून हवी. अशा बहुतेक हॉटेलांत कुत्री-मांजरं चालतात, म्हणून कुणालाही अ‍ॅलर्जी असेल तर प्राणी न ठेवलेली खोली मागायची. बाथरूममध्ये टब आहे की पायरी नसलेला शॉवर, हेही बघायचं. टबाचा काठ ओलांडणं दुखऱ्या गुडघ्याला रोजची शिक्षा होते.

बुकिंग वेबसाइटवरून करू नका, निदान आधी नको. त्या इमारतीतल्या सेल्सच्या माणसाशी थेट बोला. चेनच्या टोल-फ्री क्रमांकावरच्या माणसाला त्या इमारतीत किती खोल्या रिकाम्या पडणार आहेत हे माहीत नसतं आणि दर कमी करायचा अधिकारही नसतो. सात रात्रींना एक दर असतो, तीस रात्रींना आणखी खालचा. बाळंतपणासाठी सत्तर-पंचाहत्तर रात्री हव्यात असं सांगितलं तर बोलायला जागा असते. दोन गोष्टी लेखी मागा. डिलिव्हरी पुढे-मागे झाली आणि तुम्ही आधी निघालात, तर मागच्या रात्रींना चढा दर लावणार का? आणि अठ्ठावीस दिवसांनी एक रात्र खोली सोडायला लावणार का? स्वस्तातल्या काही ठिकाणी पाहुण्याला भाडेकरूचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून असं करतात, आणि तसं झालं तर पुढे सांगते तो करमाफीचा हिशेबही कोलमडतो.

हा हिशेब नीट समजून घ्या, यात खरे पैसे आहेत. टेक्सासमध्ये हॉटेलच्या भाड्यावर राज्याचा ६ टक्के कर असतो आणि त्यावर शहराचा साधारण ७ टक्के. पण सलग ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला हा कर लागत नाही. यातली मेख अशी की आपण इतके दिवस राहणार आहोत हे सुरुवातीलाच लेखी कळवलं तर माफी पहिल्या दिवसापासून मिळते. न कळवता राहिलात तर पहिल्या ३० दिवसांचा कर भरावा लागतो आणि माफी त्यानंतर. हिशेबासाठी रात्रीचे १०० डॉलर धरू. सत्तर रात्रींचे ७,००० डॉलर झाले, त्यावर १३ टक्के म्हणजे ९१० डॉलर. लेखी कळवलंत तर हे सगळे वाचतात, न कळवलंत तर ३९० डॉलर जातात. मध्ये हॉटेल बदललं किंवा पैसे भरण्यात खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि कळवूनही ३० दिवसांच्या आत निघालात तर कर द्यावा लागतो, ते रास्तच आहे.

खोली पसंत पडेल की नाही याची धाकधूक असेल तर पहिल्या तीन रात्री साध्या बुकिंगवर राहा. आवडली की चौथ्या दिवशी लांबच्या मुक्कामाचं पत्र द्या. तीन रात्रींचा कर गेला तर जाऊ द्या, अडीच महिने नावडत्या खोलीत काढण्यापेक्षा ते स्वस्त. पत्रावर हॉटेलची सही-तारीख घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा. हा नियम टेक्सासचा आहे, हे तुमच्या मैत्रिणींना सांगताना विसरू नका. न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलिनात हीच मर्यादा ९० दिवसांची आहे आणि फ्लोरिडात सहा महिन्यांहून जास्त; तिथे अडीच महिन्यांच्या मुक्कामाला पूर्ण कर भरावा लागतो.

पैसे भरताना चेक-इनच्या वेळी क्रेडिट कार्ड वापरा, शक्यतो जावयांचं तिकडचंच, आणि हिशेब त्यांच्याशी नंतर करा. तुमच्या फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर हॉटेल अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला खोली सोडल्यानंतरही काही दिवस लागू शकतात. तेवढे दिवस औषधाला किंवा किराण्याला ते पैसे तुमचे असूनही हाती नसतात. सगळे पैसे एकदम भरू नका, आठवड्याचं बिल आठवड्याला भरा आणि छापील प्रत मागून घ्या. पहिल्याच बिलात कराची ओळ दिसली तर त्याच दिवशी पत्राची प्रत दाखवून ती काढायला लावा. महिनाभर थांबलात तर मॅनेजर बदललेला असतो आणि परताव्यासाठी तुम्हाला पुन्हा सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.